मोजणं फुकट नसतं

नववीच्या लॅबमधला तो तास अजून डोळ्यासमोर आहे. टेस्ट ट्यूबमध्ये गरम पाणी, ते कसं निवतं याचा ग्राफ काढायचा होता, आणि रीडिंग अचूक यावं म्हणून मी सारखा सारखा थर्मामीटर बुडवून बाहेर काढत होते, तर माझं पाणी सगळ्यांच्या आधी गार. सर मागे येऊन म्हणाले, "अगं, दर वेळी गार थर्मामीटर घालतेस, तो थोडी उष्णता घेणारच ना. मोजणं फुकट नसतं."

एमएस्सीला क्वांटम झेनो इफेक्ट आला तेव्हा पहिल्यांदा सरच आठवले. पण इथे उलटंच, सारखं मोजलं की बदल थांबतो! मिश्रा आणि सुदर्शन या भौतिकशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये हे गणिताने मांडलं. कळीचा मुद्दा असा की क्वांटम सिस्टिम (म्हणजे अणूसारखी अगदी छोटी गोष्ट) सुरुवातीला फार हळू बदलते, वेळ निम्मा केला तर बदलाची शक्यता निम्मी नाही, पाव होते. म्हणजे तेवढ्याच वेळात 10 वेळा मोजलं तर प्रत्येक तुकड्यात शक्यता शंभरावा भाग, दहा तुकडे मिळून फक्त दहावा भाग, कारण प्रत्येक मोजणीनंतर घड्याळ परत शून्यावर येतं. मला हे इतकं सुंदर वाटलं की त्या रात्री वहीत तीनदा करून बघितलं.

1990 मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या राष्ट्रीय मानक संस्थेत साधारण 5000 बेरिलियम आयनांवर (म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंवर) हे करून दाखवलं. 256 मिलिसेकंद रेडिओ लहरी दिल्या की सगळे आयन एका ऊर्जा पातळीतून दुसरीत जातात, पण त्याच वेळात लेझरचे 64 पल्स मारले तर बहुतेक सगळे जिथल्या तिथे. आणि इथे कोणी डोळे लावून बसायची गरज नाही हं, लेझरचा प्रकाश आयनांशी भिडतो तीच मोजणी, लोक यात उगाच मनाची शक्ती वगैरे आणतात ते मला अजिबात पटत नाही.

मग 2001 मध्ये थंड सोडियम अणूंवर दुसरी बाजूही दिसली, दोन मोजण्यांमधला वेळ अगदी कमी ठेवला तर अणू सापळ्यात टिकतात, थोडा वाढवला तर उलट लवकर निसटतात.

हे सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "आणि तू त्या दिवशी किती सेकंदांनी बुडवत होतीस?"