गुलबर्गा जामा मशीद मॉडेल: पडवीच्या कमानी एकदाच्या बसल्या!

मंडळी, सुटलं एकदाचं! मागच्या अपडेटमध्ये ६३ छोटे घुमट ओतून झाले म्हणून खुशीत होतो आणि तिथून पुढे जे घोडं अडलं ते पडवीच्या कमानींपाशी, म्हणजे उत्तर, पूर्व आणि दक्षिण अशा तिन्ही बाजूंनी आतल्या खांबांच्या जंगलाला वेढणाऱ्या त्या अवाढव्य रुंद कमानी.

घोळ असा, की कर्कटकाने दोन केंद्रांची साधी टोकदार कमान काढली की गाळा (दोन पायांमधलं अंतर) रुंद असल्यामुळे तिची उंची गाळ्याच्या निम्म्याहून जास्तच भरते, मग टोक थेट छपराच्या वर. छपराखाली बसवायला कर्व्ह दाबला की कमान मेल्यासारखी दिसते, तिच्यातली ताकदच जाते. चार केंद्रं घेऊन बघितलं, खांदे जड झाले. त्यात लेझर कटिंगवाल्याने एमडीएफच्या (लाकडाच्या भुश्याच्या दाबीव फळीच्या) कडा अशा काळ्या जाळून दिल्या की तो सगळा लॉट बाजूलाच ठेवला. माझं मत विचाराल तर एवढ्या बारीक कामाला ३ एमएम सनबोर्ड (फोमची हलकी शीट) आणि धारदार कटरच बरा, हाताने कापा, पॉलिश पेपर मारा, विषय संपला.

मग सोलापूरहून गाडी पकडली आणि परत गुलबर्ग्याचा (कर्नाटकातलं आताचं कलबुर्गी) किल्ला गाठला, मशीद त्यातच आहे. या खेपेला वर न बघता खालीच बघत बसलो. तिथं लक्षात आलं की कमान उठते ती जागा एवढी खाली आहे की खांब जवळजवळ नाहीच, जमिनीपासून थोडं वर आलं की वळण सुरू! म्हणजे कर्व्ह दाबायचा नाही, तो पुरता उंच ठेवायचा आणि पाय आखूड करायचे. घरी आलो, वळण जिथून सुरू होतं ती रेघ खाली सरकवली, तीच साधी दोन केंद्रांची कमान काढली आणि ती छपराखाली अलगद बसली. एका रांगेत पाच उभ्या केल्या आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून आरपार बघितलं, काय दिसतं राव!

१३६७ मध्ये, पहिल्या मुहम्मदशहा बहमनीच्या काळात, हे सुचलं याचं मला भारी कौतुक वाटतं. शिलालेखात ती बांधणारा म्हणून इराणातल्या कझवीनच्या रफीचं नाव आहे. आपल्या दौलताबादची जामा मशीद १३१८ ची, तिला मोठं थोरलं मोकळं अंगण. पन्नास वर्षांच्या आत त्याच दख्खनमध्ये अंगण गायब आणि २१६ बाय १७६ फुटांचा सगळा पसारा छपराखाली. स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या जुन्या मशिदीशी तुलना बरेच जण करतात, मला ती पटत नाही, कारण कॉर्डोबाला अंगण आहेच की, आणि गुलबर्ग्याची खरी गंमत अंगण नसण्यातच आहे.

अंगण नाही मग उजेड कुठून, हा पुढचा प्रश्न. पश्चिमेची किबल्याची (नमाजाला तोंड करायच्या दिशेची) भिंत सोडली तर बाकी तिन्ही बाजूंच्या भिंतींत मोठाल्या कमानी आहेत, उजेड तिथून आत येतो, शिवाय मधला मोठा घुमट चौकोनी बैठकीवर उचललाय तिथल्या खिडक्यांतून. ती बैठक काल जागेवर बसली, चारी बाजूंनी गुण्यात (काटकोनात), गॅप अजिबात नाही! घुमट डेंटल प्लास्टरचा आहे, साध्या पीओपीपेक्षा महाग पडतं पण कडा तुटत नाहीत, डोळे झाकून घ्या.

आत एलईडी लावायचं ठरवलं होतं ना, ते आता कॅन्सल. खिडकीपाशी मॉडेल ठेवलं तर कमानींतून येणारं ऊनच पुरतंय. आणि हे लिहितालिहिताच वाटायला लागलंय की छप्पर चिकटवूच नये, कोपऱ्यातल्या चार घुमटांसकट अख्खं उचलता येईल असं करावं, म्हणजे आतल्या रांगा वरून बघता येतील. त्यासाठी कडेला खाच लागेल, म्हणजे पश्चिमेची भिंत परत कापायची. कापू.

उत्तरेच्या उंच दरवाजाचे समोरून सरळ घेतलेले फोटो कुणाकडे असतील तर टाका, माझे सगळे तिरपे आलेत. पुढचं काम तेच.