इंजिन आणि फ्रेम काळी करताना: फ्रेम परत आली, इंजिन अर्ध्यावर

मोटारसायकलची फ्रेम पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड मारून भट्टीत पिकवणं) होऊन परत आली आहे. सिलिंडर आणि हेड रंगवून झालं. साइड कव्हर्स अजून उघडीबोडकी पडली आहेत. म्हणजे काम अर्ध्याच्या थोडं पुढे सरकलंय.

गाडी एअर-कूल्ड, सिंगल सिलिंडर, फ्रेम स्टीलच्या पाइपची. फ्रेम मूळची चंदेरी, इंजिन साध्या ॲल्युमिनियमचं आणि त्यावर कंपनीचा क्लिअर लॅकर. लॅकर पिवळा पडून कडेकडेने सुटायला लागला आणि त्याच्या खाली पांढरी भुकटी धरली. घासून परत चमकवता आलं असतं, पण दर मोसमात तेच पुन्हा करत बसायचा मला कंटाळा. म्हणून काळं.

‘काळं’ म्हटलं की काम ठरलं असं वाटतं. प्रत्यक्षात खरा घोळ तिथून सुरू होतो. पावडरवाल्याला आरएएल ९००५ (रंगांच्या ठरलेल्या यादीतला एक काळा) सांगितलं की रंग ठरतो, चमक ठरत नाही. तोच ९००५ आरशासारखा चकचकीत मिळतो, सॅटिनमध्ये म्हणजे मंद चमकेत मिळतो आणि पार मॅट, म्हणजे बिनचमकेचाही मिळतो. चमक मोजायचं मीटर असतं. साधारण ६० अंशांच्या कोनात मोजल्यावर आकडा ७० च्या वर गेला तर चकचकीत आणि १० च्या खाली आला तर मॅट. आकडा माहीत नसेल तर नमुन्याचा पत्रा मागायचा आणि तो उन्हात धरून बघायचा. ट्यूबलाइटखाली सगळे काळे सारखेच दिसतात.

माझा हिशोब असा: फ्रेम सेमी-ग्लॉस, सिलिंडर-हेड सॅटिन, साइड कव्हर्स त्याहून जास्त चकचकीत. सगळं एकाच काळ्यात बुडवलं की गाडीचा आकार मिटतो. फिन्स (इंजिन थंड ठेवणाऱ्या सिलिंडर-हेडवरच्या पातळ पात्या) कुठे संपल्या आणि फ्रेमचा पाइप कुठे सुरू झाला ते लांबून कळतच नाही. पूर्ण मॅट मी मुद्दाम टाळला. त्यावर तेलकट बोटाचा ठसा बसला की निघता निघत नाही, आणि घासून काढायला गेलं की नेमका तेवढाच भाग चमकायला लागतो.

फ्रेमपासून सुरुवात करतो. पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत पिकते, त्यामुळे फ्रेमवरचं रबर, प्लास्टिक, स्टिअरिंगच्या बेअरिंगचे कप, स्विंगआर्मचे बुश, सगळं आधी बाहेर काढलं. जुना रंग ब्लास्टिंगने, म्हणजे हवेच्या दाबाने खरखरीत कण मारून, काढून घेतला. ब्लास्टिंगला साधी वाळू वापरणाऱ्याकडे फ्रेम देऊ नका, स्वतः तर अजिबात करू नका. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते ती कायमची. ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी वापरणारा शोधा.

फ्रेम नागडी झाल्यावरचा दिवस रंगाच्या दिवसाइतकाच महत्त्वाचा. स्टिअरिंग हेडजवळचे वेल्ड, इंजिन माउंटच्या पट्ट्या, साइड स्टँडचा कान आणि मागच्या शॉकअप्सची वरची बैठक बॅटरीच्या उजेडात तिरक्या नजरेने तपासली. केसासारखी भेग रंगाखाली वर्षानुवर्षं लपून राहते. माझ्या फ्रेमला भेग नव्हती. साइड स्टँडच्या कानाला मात्र आधी कोणीतरी गबाळं वेल्डिंग केलेलं होतं. ते घासून नीट करून घेतलं. ज्यांना खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरायची सवय आहे त्यांच्यासाठी एक सूचना: पावडरला साधी लांबी चालत नाही. पावडर विजेच्या भारामुळे धातूला चिकटते आणि लांबीतून वीज वाहत नाही. वर भट्टीत तिच्यातून वाफा निघून फुगे येतात ते वेगळेच. खड्डा असेल तर वेल्डने भरा, नाहीतर राहू द्या.

मग मास्किंग, म्हणजे रंग नको त्या जागा झाकणं. फ्रेम काळी करण्याच्या कामात सगळ्यात जास्त डोकं इथे लागतं, कारण काळा रंग कुठे *जाऊ द्यायचा नाही* याची यादी लांबलचक आहे. सगळे आटे. बेअरिंगच्या बैठका. स्विंगआर्मच्या दांड्याचं भोक. बॅटरीची अर्थिंगची वायर जिथे फ्रेमला बसते ती जागा. आणि इंजिन माउंटची तोंडं. पावडरचा थर ६० ते ८० मायक्रॉन. एका बाजूला एवढा थर किरकोळ वाटतो, पण माउंटच्या दोन्ही अंगांना आणि मधल्या प्लेटच्या दोन्ही बाजूंना तो असला की बोल्ट आवळल्यावर त्याचा ताण धातूवर न बसता रंगावर बसतो. काही दिवसांनी रंग दबतो, बोल्ट ढिला पडतो आणि इंजिन थरथरायला लागतं. अर्थिंगच्या जागी रंग राहिला तर स्टार्टर रडत फिरतो आणि माणूस बॅटरी बदलत बसतो.

चॅसी नंबरचंही सांगून ठेवा. ठोकलेले आकडे उथळ असतील तर जाड पावडर ते भरून टाकते. मी त्या जागी उष्णता सहन करणारी टेप लावायला सांगितली आणि नंतर तेवढ्याच भागावर हाताने पातळ काळा इनॅमल मारला. नंबर नखाला लागतो आणि डोळ्यांनी वाचता येतो. तिथे ग्राइंडर किंवा जाड पेपर फिरवायचाच नाही. नंबरशी छेडछाड केल्याचा संशय आला तर रंगाची हौस महागात पडते.

फ्रेम परत आली तेव्हा रंग मस्त होता. सांगूनही खालच्या माउंटच्या एका आट्यातला सिलिकॉनचा बूच भट्टीत निघून पडलेला होता आणि आत पावडर शिजून बसली होती. अशा वेळी बोल्ट जोराने आत घालायचा नाही. तेल टाकून टॅप (आटे पाडायचं हत्यार) अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे असा फिरवत नेला. काळा चुरा बाहेर आला आणि बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेला. माउंटची तोंडं मी धारदार स्क्रेपरने पुन्हा एकदा साफ केली आणि गंज धरू नये म्हणून ग्रीसचा पातळ हात फिरवला.

आता इंजिन. सिलिंडरलाही पावडरच का नाही मारली, असं विचारलं गेलं. कारण फिन्स. पावडरचे भारित कण खोल खाचेत शिरत नाहीत, कडांवरच गोळा होतात. फिनची कड जाड काळी आणि मूळ अर्धवट उघडं, असा प्रकार होतो. फवाऱ्याच्या रंगाला तिरकस कोनातून आत पोचवता येतं.

दुसरा नेहमीचा प्रश्न: काळं केलं की इंजिन जास्त तापतं का? उलट, थोडीशी मदतच होते. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता किरणांनी फार कमी बाहेर टाकतं, रंगवलेला पृष्ठभाग कितीतरी जास्त. गंमत म्हणजे त्यात काळ्याची फारशी मेहरबानी नाही. इंजिनाच्या तापमानाला पांढरा रंगही जवळपास तेवढीच उष्णता फेकतो. आणि गाडी पळत असताना बहुतेक उष्णता फिन्समधून जाणारा वाराच नेतो. त्यामुळे रंगाने इंजिन थंड राहील या आशेने काही करू नका. एवढंच बघा की थर पातळ राहील आणि फिन्समधली फट बुजणार नाही.

इंजिन काळं करणं ही आजची टूम नाही. १९४८ साली आलेल्या व्हिन्सेंट ब्लॅक शॅडोचं इंजिन काळंच होतं, आणि त्यातही ॲल्युमिनियमवर आधी पायल्युमिन नावाची गंजरोधक प्रक्रिया करून मग काळं इनॅमल भाजलेलं होतं. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरतो आणि नुसता रंग त्यावर नीट पकड घेत नाही, ही अडचण त्यांनाही होती आणि आपल्यालाही आहे.

म्हणून सगळा वेळ सफाईत गेला. सिलिंडर आणि हेड सुटं केलं. फिन्सच्या मुळाशी तेल आणि धूळ भाजून डांबर झालेलं असतं. ते आधी लाकडाच्या पट्टीने खरवडलं, मग रॉकेल आणि ब्रश, मग गरम पाणी आणि साबण, शेवटी ॲसिटोन. कॉस्टिक सोड्याच्या जवळही जाऊ नका. तो ॲल्युमिनियम खातो आणि वर हायड्रोजन सोडतो.

एवढं करूनही ओतीव ॲल्युमिनियम स्वच्छ झालं असं समजायचं नाही. त्यात बारीक छिद्रं असतात आणि तेल आत मुरलेलं असतं. हेड हीट गनने तापवलं, हात लावला तर चटका बसेल इतकं. दोन मिनिटांत स्पार्क प्लगच्या खड्ड्याभोवती आणि पुश रॉडच्या बोगद्याच्या बाहेरच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढे पिवळसर थेंब उगवले. पुसले, परत तापवलं, परत आले, पण कमी. थेंब यायचे थांबेपर्यंत हेच चालू ठेवलं. हे तेल आत राहिलं असतं तर इंजिन पहिल्यांदा तापल्यावर रंगाखालूनच बाहेर आलं असतं आणि पोपडे निघाले असते.

पॅकिंगच्या तोंडांसाठी एक जुनी युक्ती. टेप कडेच्या बाहेर येईल अशी लावायची, मग कडेवरून लहान हातोडीने हलके टकटक करत जायचं. धातूची धारच टेप कापते आणि रेघ ब्लेडने येणार नाही इतकी बरोबर येते. हेड आणि सिलिंडरच्या तोंडावर रंगाचा ठिपकाही नको. तो दबतो आणि तिथून तेल झिरपतं.

पेंट निवडताना बहुतेक जण डब्यावरचा सगळ्यात मोठा आकडा उचलतात. ६५० अंश सोसणारा म्हणजे भारी, असा समज. तो सायलेन्सरचा पेंट. नीट तापल्याशिवाय तो पक्का होत नाही, आणि सिलिंडरचा खालचा भाग तेवढा कधी तापतच नाही. मग कार्ब्युरेटरमधून पेट्रोलचा एक ओघळ आला की रंग फडक्यावर. इंजिनसाठी वेगळं इनॅमल मिळतं, साधारण २६० अंशांपर्यंतचं, आणि ते पेट्रोल-तेलाला टिकतं. मी तेच घेतलं, प्रायमरही त्याच घराण्यातला. एकाचा प्रायमर आणि दुसऱ्याचा रंग असं करायचं तर आधी भंगार तुकड्यावर करून बघा.

मारताना धातू कोमट, डबाही कोमट पाण्यात ठेवलेला. आधी फिन्सची मुळं, चारही तिरक्या कोनांतून आणि खालूनही, अगदी धुक्यासारखे हात. मूळ झाकल्यावरच बाहेरचे हात. बाहेरून सुरुवात केली तर आत पोचेपर्यंत कडांवर ओघळ येतात. दोन हातांमधलं अंतर डब्यावर लिहिलंय तेवढंच ठेवायचं. बऱ्याच इनॅमलवर ‘एका तासाच्या आत किंवा थेट सात दिवसांनी’ असं लिहिलेलं असतं आणि ते गमतीने लिहिलेलं नसतं. मधल्या काळात मारलेला हात खालचा थर सुरकुतवतो. नंतर ९० अंशांच्या आसपास वीस मिनिटं भाजलं. जेवण बनवायचा ओव्हन यासाठी वापरू नका.

फिन्सच्या कडा परत उजळ करायच्या का, यावर दोन दिवस स्वतःशीच वाद घातला. लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून कडांवरून फिरवला की काळ्यात चंदेरी रेघा उठतात आणि फोटोत फार छान दिसतं. पण तिथे धातू पुन्हा उघडा पडतो, आणि मी ज्या पांढऱ्या भुकटीला कंटाळून हे सगळं काढलं ती पहिल्यांदा तिथेच येणार. फक्त हेडच्या वरच्या दोन फिन्स उजळ केल्या. तेवढ्या पुसायला हात सहज पोचतो.

बोल्टचं ठरलंय: स्टेनलेस, आणि आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट). स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांशी भांडतात आणि बोल्ट जाम होतो. काळे बोल्ट दिसायला जुळतात, पण साध्या ब्लॅक ऑक्साइडचे बोल्ट वरचं तेल सुकलं की तांबूस होतात, आणि रंगवलेल्या बोल्टचं डोकं पाना लागला की सोलतं. काळ्या कव्हरवर चार उजळ डोकी मला तरी खटकत नाहीत.

राहिलं काय? कव्हर्स. ती सपाट आहेत, त्यामुळे त्यांना पावडर चालेल. बूट घासणार तिथे ती इनॅमलपेक्षा जास्त तग धरेल. फक्त भट्टीवाल्याला आधी रिकामी भाजून तेल बाहेर काढायला सांगणार आहे. मग जोडणी. इंजिन फ्रेममध्ये उचलून घालायचं नाही. इंजिन गोधडीवर आडवं ठेवायचं, पाइपांना जुनी सायकलची ट्यूब गुंडाळायची आणि फ्रेम वरून इंजिनवर उतरवायची. एकट्याला जमतं आणि नवा रंग वाचतो. ब्रेकची लाइन सगळ्यात शेवटी. डॉट ३ किंवा ४ ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचा, पुसत बसायचं नाही. पहिल्या काही फेऱ्यांनंतर माउंटचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे, तोंडं खरवडलेली असली तरी.

सायलेन्सरही काळा करणार का, असं विचारणारे आहेतच. नाही. बेंड पाइप क्रोमचाच राहील. एक्झॉस्ट पोर्टजवळ तो निळसर होतो, तिथे कुठलाही काळा फार दिवस काळा राहत नाही.