मॅडम, सुगरण नर असतोय

इथे इंग्लंडात मी एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, वर्ग इयर फोर, म्हणजे आठ-नऊ वर्षांची पोरं. माहेर सांगली. इकडची मुलं आणि तिकडची मुलं पुस्तक वाचताना अगदी एकाच जागी अडतात, त्याबद्दल खूप दिवसांपासून लिहायचं होतं. गोष्ट मस्त रंगात आलेली असते, कुणीतरी हरवलंय, कुणाच्या मागं कुत्रं लागलंय, आणि मधेच झाडाचं वर्णन येतं, अर्धं पान. शेजारी बसलं की स्पष्ट दिसतं, पोराचं बोट ओळीवरनं सरकत असतं आणि वर्णन आलं की एकदम उडी मारून खाली जातं, जिथं कुणीतरी बोलायला लागलेलं असतं तिथं.

पहिल्या वर्षी मी एका मुलाला विचारलं, हे मधलं का सोडलंस रे? तो म्हणाला, तिथं काही घडतच नाही. उद्धटपणानं नाही हो, अगदी मनापासून सांगितलं त्यानं. मला ते दिवसभर डोक्यातून जाईना, कारण लहानपणी मीही तेच करायचे, आणि परीक्षेत "निसर्गसौंदर्याचे वर्णन तुमच्या शब्दांत करा" असं आलं की गाइडमधले शब्द लिहायचे. ज्यानं झाडाकडे सलग दोन मिनिटं कधी बघितलंच नाही त्याला झाडाच्या वर्णनात काय घडतंय ते कसं कळणार?

आमच्या वर्गाच्या मुख्य बाईंनी यावर जे केलं ते मी शिकून घेतलं. इथे फॉरेस्ट स्कूल म्हणून एक प्रकार आहे, सॉमरसेटमधल्या ब्रिजवॉटरच्या कॉलेजची नर्सरीवाली मंडळी १९९३ साली डेन्मार्कला जाऊन आली, तिथली मुलं उघड्यावर शिकताना बघितली आणि इकडे सुरू केलं, तिथून ते पसरलं. त्यातली एक गोष्ट म्हणजे प्रत्येक मुलानं आपली एक जागा ठरवायची आणि दर आठवड्याला तिथंच जाऊन बसायचं. लिहायचं नाही, चित्र काढायचं नाही, नुसतं बसायचं, दहा मिनिटं. पहिल्या गुरुवारी नुसता गोंधळ, थंडी वाजतेय, कंटाळा आला, हा मला ढकलतोय. दुसऱ्या गुरुवारी जरा बरं. तिसऱ्या गुरुवारी एक मुलगी, जी वर्षभरापूर्वीच दुसऱ्या देशातून आलेली आणि वर्गात फारसं बोलायची नाही, ती माझा हात ओढून कुंपणापाशी घेऊन गेली. बागकाम करणारे काका वाफा खणत होते आणि एक रॉबिन पक्षी त्यांच्या फावड्यापासून हातभर अंतरावर उभा होता, माती उलटली की टुणकन पुढे, किडा उचलला की परत मागे. ती इतकंच म्हणाली, तो वाट बघतोय.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी रॉबिनवरचा एक उतारा घेतला, आणि त्यातली सगळी क्रियापदं पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांनी झाकली. पक्षी फांदीवर काय झाला? बसला, उतरला, आदळला, टेकला? मुलं ओरडून शब्द सुचवायला लागली, भांडायला लागली, नाही नाही तो आदळत नाही, हलकाच येतो, मी बघितलंय! मग पट्टी काढायची आणि लेखकानं कुठला शब्द घेतला ते बघायचं. त्या दिवशी एकाही मुलानं वर्णन ओलांडून उडी मारली नाही. विशेषणं झाकून हा खेळ तितका रंगत नाही असं माझं मत झालंय, विशेषण काय, सुंदर म्हणा, मनोहर म्हणा, फरक पडत नाही. पाखरू नेमकं काय करतंय ते क्रियापदात असतं.

शब्दांवरून आठवलं. इथे मुलांसाठी ऑक्सफर्डची एक ज्युनिअर डिक्शनरी असते, तिच्या २००७ च्या आवृत्तीतून एकॉर्न म्हणजे ओकचं फळ, ब्लूबेल नावाचं फूल, किंगफिशर म्हणजे खंड्या असे बरेच शब्द काढले गेले आणि ब्लॉग, ब्रॉडबँड असे आले. पुढे त्यावर खूप चर्चा झाली, लेखकांनी पत्रही लिहिलं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपला खंड्या आला, हरिपूर रोडनं जाताना तारेवर बसलेला, आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

तर गेल्या ऑगस्टमध्ये सांगलीला आले. इथल्या सुट्ट्या जुलैच्या शेवटाला लागतात आणि तेव्हा आपल्याकडच्या शाळा चांगल्या जोरात चालू असतात, त्यामुळे वहिनी जिथं शिकवते त्या गावातल्या झेडपीच्या शाळेत रोज जायचं ठरवलं, सहावी-सातवीची मिळून तीसेक पोरं. पाऊस होताच. ऑगस्टातली सांगली माहीत असणाऱ्यांना सांगायला नको, घराघरात एकच चौकशी, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आकडे शेंबड्या पोरालाही पाठ.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, आपल्या नदीचं वर्णन लिहा. तीस वह्यांपैकी बहुतेक वह्यांत नदी झुळझुळ वाहत होती, काठावर हिरवीगार वनराई होती आणि पक्षी किलबिलाट करत होते. बाहेर कृष्णा चहाच्या रंगाची झालेली, पात्र भरून चाललेली, तिच्यात झाडाचे ओंडके वाहत येतायत, आणि वहीत झुळझुळ! मी रागावले नाही, मीही तशीच लिहायचे. फक्त विचारलं, झुळझुळ कुणी ऐकलंय? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, पुराच्या टायमाला नदी आवाजच करत न्हाई. गप येती. आमी झोपल्यालो, आईनं पाय खाली टाकला तर पानी."

२०१९ च्या महापुरावेळी तो पाच-सहा वर्षांचा असेल. मी ते वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं, त्याच्याच बोलीत, आणि खाली काहीच लिहिलं नाही. पोरांनी ते बराच वेळ वाचलं. पुस्तकात लिहायचं असतं ते आणि आपण बघतो ते वेगवेगळं, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांना तसं वाटायला आपणच लावलंय, झाडाचं मनोगत आणि नदीचं आत्मवृत्त पाठ करून घेऊन घेऊन. हे मला फार लागतं, खरंच सांगते.

चौथ्या दिवशी जरा उघडलं तसं वहिनीनं मुख्याध्यापकांना विचारून पोरांना जवळच्या मळ्यातल्या विहिरीवर नेलं. विहिरीवर वाकलेली एक बाभूळ, आणि तिला सुगरणीची घरटी, मोजली तर एकोणीस, काही पुरी, काही अर्धवट टोपीसारखी. पलीकडे ऊस. मी म्हटलं, पंधरा मिनिटं बोलायचं नाही. मला वाटलेलं इकडच्यासारखी चुळबूळ होईल, पण शेतकऱ्यांची पोरं ती, बांधावर बसली ती बसलीच.

मग आवाज न करता मला एकेकानं बोटानं दाखवायला सुरुवात केली. पिवळ्या डोक्याचा पक्षी उसाच्या पानावर येतो, पानाच्या कडेला चोचीनं एक खाच पाडतो, आणि ती कड चोचीत धरून उडतो, उडता उडताच लांब दोरा सोलून निघतो. तो दोरा घेऊन घरट्यावर येतो आणि एक टोक पायाखाली दाबून दुसरं टोक चोचीनं आत घालतो, पलीकडून ओढतो, परत आत. शिवणकामच. मग साध्या मळक्या रंगाची एक मादी आली, अर्ध्या टोपीत शिरली, आतून दोन-चार ठिकाणी ओढून बघितलं आणि निघून गेली. नर पंख फडफडवत लोंबकळत राहिला.

पंधरा मिनिटं झाल्यावर पहिला आवाज फुटला तो एका मुलीचा, "मॅडम, सुगरण नर असतोय!" आणि मग जे भांडण जुंपलं! कवितेत तर ती सुगरण आहे, नावच बाईचं आहे, घर बांधती तर बाईच असणार, पण डोळ्यासमोर तर पिवळा बाप्या विणतोय. मी मधे पडले नाही. नर बांधतो, मादी पारखते, पसंत पडलं तर मग तो खालची नळी पुरी करतो, हे मी नंतर सांगितलं, पण त्यांनी आधी स्वतः पकडलं होतं. घरटी झाडाच्या एकाच अंगाला का, हेही त्यांनीच विचारलं, आणि पाऊस पश्चिमेकडून झोडपतो म्हणून उगवतीची बाजू, हे उत्तरही त्यांच्यातल्याच एकानं दिलं.

त्या दिवशीच्या वह्या मी अजून जपून ठेवल्यात. झुळझुळ कुठंच नाही, हिरवीगार वनराई नाही. सहावीतल्या एका मुलीनं लिहिलेलं वाक्य असं, "वारा आला की सगळी घरटी एका अंगाला जातात, पण पाखरू आत असलेलं घरटं उशिरा जातं." मी पंचेचाळीस वर्षांची बाई, आयुष्यभर सुगरणीची घरटी बघितली, मला हे कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम एकटी जाऊन बघून आले. खरं आहे.

एवढं झाल्यावर मग पुस्तकं काढली. व्यंकटेश माडगूळकर आपल्याच जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, हे कळल्यावर दोन पोरं ताठ बसली, त्यांचं आजोळ तिकडं. बनगरवाडीतला एक उतारा क्रियापदं झाकून घेतला, आणि मग सांगितलं की हा माणूस लिहायचा तशी स्केचेसही काढायचा. एक पोरगा लगेच म्हणाला, मग त्यांना नीट बघावंच लागत असणार. दुर्गाबाई भागवतांचं ऋतुचक्र, १९५६ चं, चैत्रापासून एकेक महिना घेऊन लिहिलेलं, त्याची भाषा सहावीला जड आहे, मी फार थोडं वाचलं, पण कुठल्या महिन्यात काय फुलतं यावर पोरं पुस्तकाशी पडताळा घ्यायला लागली, आमच्याकडं पांगारा असा, काटेसावर तशी. जड शब्द त्यांना अडवत नव्हते, कारण शब्दामागची वस्तू ओळखीची होती. इथे मला मोठ्यांबद्दल एक तक्रार आहे. आपण म्हणतो मुलांना सोपं द्या, सोपं द्या, आणि सोपं म्हणून पाणचट देतो.

मारुती चितमपल्लींबद्दलही सांगितलं, वनखात्यात आयुष्य घालवलेला माणूस, २०२५ च्या जूनमध्ये गेले. बगळे-करकोचे एकत्र घरटी करतात त्या जागेला त्यांनी सारंगागार शब्द दिला, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार. आपल्याला शब्द तयार करता येतो, हे पोरांना फारच आवडलं. मग त्या बाभळीला काय म्हणायचं? बरीच नावं आली, शेवटी हात वर करून ठरलं, सुगरणवाडी. बनगरवाडी नुकतीच वाचलेली ना. वहिनी सांगते, आता मळ्याचे मालकसुद्धा तसंच म्हणतात.

सप्टेंबरात परत आले आणि त्या वह्यांमधली निवडक वाक्यं इंग्रजीत करून आमच्या त्याच मुलांना, आता इयर फाइव्हला गेलेल्या, वाचून दाखवली. फोटो दाखवला नाही. ऐकून चित्र काढायचं एवढंच. बहुतेकांनी घरट्याचं दार वर काढलं, इथल्या पक्ष्यांसाठीच्या लाकडी खोक्यासारखं, मग "खालून वर शिरतो" हे वाक्य परत वाचायला लागलं आणि खोडरबर फिरले. लोंबकळणे या शब्दाला माझ्याजवळ इंग्रजीत नीट शब्द नव्हता, हातानं करून दाखवलं. आणि ते उशिरा जाणारं घरटं, त्यावर एका मुलानं काय केलं, दोन कागदी पिशव्या खिडकीच्या दांडीला दोऱ्यानं टांगल्या, एकीत गोंदाची कांडी टाकली आणि खिडकी उघडली. सगळा वर्ग उठून उभा. रिकामी आधी गेली. हाच तो मुलगा ज्यानं मला सांगितलं होतं, तिथं काही घडत नाही.

मग इकडच्यांनी उलट रॉबिनचं वर्णन लिहून सांगलीला पाठवलं. हा पक्षी हिवाळ्यातही गातो, नर-मादी दोघंही, चारला अंधार पडतो तेव्हा दिव्याखालच्या झुडपात गात असतो. थंडीत फुगून चेंडू होतो, पाय दिसत नाहीत. छाती तांबडी. वहिनीनं मराठी करून वर्गात वाचलं आणि आठवड्याभरात व्हॉट्सॲपवर तीस चित्रं आली, सोबत वहिनीच्या फोनवरनं एक व्हॉइस मेसेज, मागच्या बाकावरचा तोच पोरगा, "मॅडम, तांबडा म्हंजे कुठला? विटेचा का मिरचीचा?"

मी तो मेसेज वर्गात लावला, भाषा कळली नाही तरी पोरं त्याचा आवाज ऐकून खूश झाली, मग प्रश्न इंग्रजीत सांगितला. सगळे गप्प. रेड तर रेड, सगळेच म्हणतात. बाईंनी घड्याळ बघितलं, कोट घाला म्हणाल्या, आणि आम्ही सगळे कुंपणापाशी. रॉबिन यायला वीस मिनिटं लागली. वीट नाही, मिरची नाही, यावर एकमत झालं, गाजरावर मतं फुटली, आणि अखेर ती न बोलणारी मुलगी शाळेच्या मागच्या गेटकडे बोट करून उभी राहिली, जिथं रंग उडून गंज आलाय.

सांगलीला तसं कळवलं, गेटचा फोटो काढून. तिकडून लगेच परत विचारणा, मग तांबडा का म्हणतात? हे मात्र मला माहीत होतं, इंग्रजीत नारिंगी रंगाला वेगळा शब्द येण्याच्या आधीपासून त्याला रेडब्रेस्ट म्हणतात, तेव्हा हा रंगही तांबड्यातच धरला जायचा. पोरगा म्हणाला, आमच्याकडं बी तांबडी माती तांबडी कुठं असती, आणि माती आणायला मळ्यात गेला.