उचलू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. गोल्फमधला प्रश्न एकच आहे, वेगवेगळ्या तोंडांनी येतो. पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा विचारतो, आमच्या चौकडीतले डॉक्टर विचारतात, परवा एका नव्या कॅडीनेही (खेळणाऱ्याची बॅग वाहणाऱ्या पोराने) विचारलं: "काका, चेंडू भलत्या जागी गेला की काय करायचं ते तुम्हाला लगेच कसं कळतं? सगळे नियम पाठ आहेत?" विचारणारा बहुतेक वेळा ओणवा झालेला असतो आणि त्याची बोटं चेंडूच्या चार अंगुळं वर असतात. म्हणजे खरा प्रश्न एवढाच, "उचलू का?"

नियम पाठ नाहीत. मुख्य नियम 25 आहेत, पण त्यांच्या पोटात इतकी पोटकलमं आहेत की पाठ करायला बसलो तर खेळायचं राहून जाईल. मला जे जमतं ते गोल्फमुळे जमत नाही, नोकरीमुळे जमतं. तेहेतीस वर्षं मी गोव्यात भूमापन खात्यात होतो. मेरेवरच्या फणसावरून दोन भाऊ भांडत असायचे. थोरला म्हणायचा, झाड आजोबांनी लावलं. धाकटा म्हणायचा, पाणी मी घातलं. आम्ही दोघांचंही ऐकून घ्यायचो आणि साखळी काढायचो. फणस कुणाचा ते नंतर, आधी बुंधा कुठल्या सर्व्हे नंबरात आहे ते बघू. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांच्या मायेचा रकाना नसतो.

गोल्फचंही तसंच आहे. खेळणारा आधी विचारतो, "हे बरोबर आहे का? पाऊस पडला त्यात माझी काय चूक?" नियम विचारतात, चेंडू आहे कुठे? मैदानाचे पाच भाग धरले आहेत: टीची जागा (जिथून पहिला फटका मारतात), ग्रीन (होलभोवतीची, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ), बंकर (वाळूचा खड्डा), तांबड्या-पिवळ्या खुंटांनी आखलेला पेनल्टी एरिया आणि उरलेलं सगळं मैदान. अडचण तीच असली तरी भाग बदलला की उत्तर बदलतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

(गोव्यात गोल्फचं नाव काढलं की अनेकांना आधी तेरेखोल आठवतं, तिथल्या गावकऱ्यांचा गोल्फच्या मैदानाला झालेला विरोध आठवतो. जमिनीच्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला तो विरोध चांगलाच कळतो. त्यावर पुन्हा कधी. आज फक्त चेंडू.)

पाण्याचंच घ्या. वर्षाला जवळपास 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलखात दुसरं कशाचं उदाहरण द्यायचं? आम्ही दक्षिण गोव्यातल्या एका नऊ होलच्या मैदानावर खेळतो. श्रावणात उघडीप मिळाली की पळतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या मेहुण्यांचा चेंडू फेअरवेच्या (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्याच्या) मधोमध साचलेल्या डबक्यात बसला. तात्पुरतं साचलेलं पाणी, त्यामुळे सुटका, म्हणजे चेंडू उचलून दुसरीकडे टाकायची मुभा, फुकट. पेनल्टी, म्हणजे दंडाचा फटका, नाही. हे मेहुण्यांना माहीत होतं. त्यांनी लगेच वाकून चेंडू उचलला, पंच्याने पुसला आणि विचारलं, "आता कुठे टाकू?"

मी मापून दाखवलं. चेंडूही पाण्यात नको, उभं राहताना पायही पाण्यात नकोत आणि क्लब (खेळायची काठी) फिरवतानाही पाणी आड येऊ नये, अशी होलच्या जवळ न जाणारी सर्वांत नजीकची जागा शोधायची. तिथून एका क्लबच्या लांबीत चेंडू सोडायचा. ती जागा निघाली माडाच्या बुंध्यामागे. समोर ग्रीन आणि मध्ये दीड फूट जाडीचा माड. मेहुणे म्हणाले, "मग या बाजूला टाकतो, इथे मोकळं आहे." मी म्हटलं, भावजी, नियमात नजीकची जागा लिहिलीय, सोयीची नाही. "बरं, मग परत डबक्यातच ठेवतो, तिथून मारीन." ठेवा, पण आता एक पेनल्टी पडेल. सुटका घ्यायची म्हणूनच उचलायची मुभा होती. सुटका घ्यायची नाही तर मुभाही राहिली नाही.

त्या दिवशी घरी जाईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. पण म्हणूनच सांगतो, चेंडू उचलण्याआधी जागा मापा. उभे राहून बघा, क्लब धरून बघा, माड कुठे येतो ते बघा. चेंडू कुठे पळत नाही.

आता हेच पाणी तांबड्या खुंटांच्या आत असतं तर फुकटची सुटका नव्हती. खेळता येत असेल तर तसंच खेळा, नाहीतर एक पेनल्टी घेऊन बाहेर या. आणि याच्याही पुढची गंमत पावसाळ्यातच बघायला मिळते. आमच्या सातव्या होलला बाजूने व्हाळ (ओढा) जातो. त्याच्या काठाने तांबडे खुंट आहेत. मुसळधार पावसात व्हाळ फुगतो आणि पाणी खुंट ओलांडून फेअरवेत येतं. तिथे चेंडू पडला तर? पाणी त्याच व्हाळाचं, रंग तोच, बेडूकही तेच. तरी खुंटांच्या बाहेरचं पाणी तात्पुरतं पाणी ठरतं आणि सुटका फुकट मिळते. हे सांगितलं की लोकांना वाटतं, मी त्यांच्या बाजूने थाप मारतोय.

बंकरात पाणी भरलं की मात्र माझंही रक्त थोडं तापतं. तिथे फुकट सुटका मिळते ती बंकराच्या आतच. कोरडी जागा नसेल तर कमीत कमी पाण्याची शोधा. बंकराबाहेर, मागच्या बाजूला यायचं असेल तर एक पेनल्टी. सगळा बंकर तळं झालेला असला तरीही. यावर उपाय खेळणाऱ्याच्या हातात नसतो, स्पर्धा घेणाऱ्या समितीच्या हातात असतो. सुरुवातीलाच त्यांनी स्थानिक नियम करून तो बुडालेला बंकर दुरुस्तीखालची जमीन म्हणून जाहीर केला की खेळणारा फुकट बाहेर येऊ शकतो. एका पावसाळी स्पर्धेत हे सकाळी सहाला मी सुचवलं होतं. "बघू" म्हणाले. दुपारपर्यंत बघतच होते.

खुंटांबद्दल माझी स्वतःची फजिती सांगतो. हद्दीच्या खुणेला हात लावायचा नाही, हे माझ्या हाडात भिनलेलं. त्यामुळे खेळायला लागल्यावर पहिलं वर्षभर मी कुठल्याही रंगाच्या खुंटाला वळसा घालून, अंग वाकडं करून चेंडू मारत होतो. एकदा कॅडीने न राहवून तांबडा खुंट उपटला, मला मारू दिलं आणि पुन्हा रोवला. मी जवळजवळ ओरडलोच. घरी येऊन वाचलं तर तो बरोबर होता. तांबडे-पिवळे खुंट निघत असतील तर काढता येतात, त्यात चेंडू हलला तरी दंड नाही, परत जागेवर ठेवायचा. पांढऱ्याला मात्र हात लावायचा नाही. पांढरा म्हणजे मैदानाची शीव. तो आड आला तरी फुकट सुटका नाही आणि चिऱ्याची गडगा-भिंत हीच शीव असेल तर तिच्यापासूनही नाही.

आणि रेषेचा न्याय तर असा, की आमच्या खात्यातल्या जुन्या मोजणीदारांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पांढऱ्या दोन खुंटांच्या मैदानाकडच्या कडांना जमिनीलगत सुतळी लावली अशी कल्पना करा. चेंडू पूर्णपणे त्या सुतळीपलीकडे असेल तरच तो बाहेर. केसभरही आत असला तर आत. तांबड्याचं उलटं: चेंडूचा केसभर भाग रेषेला टेकला तरी तो पेनल्टी एरियात. एकाच चेंडूला दोन रेषांवर दोन न्याय. आम्ही खरोखर एकदा सुतळी लावून हे तपासलंय. मागचे चौघे खोळंबले होते, त्यांनी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

जनावरांचा प्रश्न भाच्याचा आवडता. कुत्र्याने चेंडू पळवला तर? थांबलेला चेंडू कुत्र्याने, कावळ्याने, माकडाने उचलला तर दंड नाही, मूळ जागी चेंडू ठेवायचा. नेमकी जागा माहीत नसेल तर अंदाजाने ठरवायची आणि तो चेंडू परत मिळत नसेल तर दुसरा घ्यायचा. पण फेअरवेवरून मारलेला, चालता चेंडू कुत्र्याला आपटून वळला तर थांबेल तिथूनच खेळायचं. हा जुना हिशेब आहे. एडिंबराजवळच्या लीथमध्ये 1744 साली तेरा नियम लिहिले गेले. माणूस, घोडा किंवा कुत्रा यांनी चेंडू अडवला तर अडला तिथून खेळा, हे त्यात होतं.

मात्र "कावळ्याने नेला असेल" एवढ्यावर भागत नाही. जवळजवळ खात्री हवी आणि ती किती तेही नियमात लिहिलंय: किमान 95 टक्के. चौथ्या होलवर माझा एक चांगला बसलेला फटका असाच नाहीसा झाला. माडांवर कावळे होते. मी ठासून सांगितलं, कावळ्यानेच नेला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पाहिला कुणी?" कुणीच नाही. मग तो हरवलेला चेंडू. एक पेनल्टी आणि परत टीवर. मी चरफडत गेलो, पण साक्षीदाराशिवाय मी स्वतः कुठला दावा मान्य केला असता?

डॉक्टरांची पाळी त्याच होलवर आली. टीवरून मारलेला चेंडू माडाच्या शेंड्यात गेला, टक् असा आवाज आला आणि खाली काहीच पडलं नाही. शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच असायची. मी घड्याळ लावलं. डॉक्टर दातांचे असले तरी जीव पक्ष्यांत, त्यामुळे दुर्बीण कायम बॅगेत. दुसऱ्या मिनिटाला कॅडीने झावळीच्या बेचक्यात पांढरं काहीतरी दाखवलं. पांढरं दिसून उपयोग नसतो, तो आपलाच चेंडू आहे हे ओळखावं लागतं. वेळेत दिसला असेल तर ओळख पटवायला तीन मिनिटांनंतरही वाजवी सवड मिळते. डॉक्टरांनी दुर्बीण लावली, मान मोडेस्तोवर वर पाहिलं आणि म्हणाले, "हिरवे दोन ठिपके. माझाच."

जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगरने 1981 मध्ये इंग्लंडात फुलफर्डला झाडावर चढून चेंडू मारला होता. आमच्या डॉक्टरांचे गुडघे पाहता तो पर्याय नव्हता. त्यांनी चेंडू खेळण्याजोगा नाही असं जाहीर केलं. एक पेनल्टी, चेंडूच्या बरोबर खाली जमिनीवरच्या बिंदूपासून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून दुसरा चेंडू सोडला. (खांद्यावरून नाही. जुन्या लोकांचा हात आपोआप खांद्यापर्यंत जातो. मारायच्या आधी लक्षात आलं तर पुन्हा नीट सोडा, दंड नाही.) पुढचा फटका तिसरा. ओळख पटली नसती तरीही पुढचा फटका तिसराच, पण तो पार मागे टीवरून. दोन हिरव्या ठिपक्यांनी एवढी चाल वाचवली. तेव्हापासून चौघेही चेंडूवर खूण करतो. माझी खूण आधीपासूनचीच: निळ्या पेनाने काढलेला त्रिकोण आणि मध्ये टिंब, नकाशावरच्या मोजणी-ठाण्यासारखी.

पडलेला नारळ, गळलेली झावळ, पोय यांच्याबद्दल फार विचारू नका. सुटं आणि नैसर्गिक असेल तर बाजूला करा, फक्त चेंडू हलू देऊ नका. फेअरवेत हलला तर एक पेनल्टी. झाडाला अजून धरून असलेलं मोडायचं नाही. वाळू मात्र सुटी वस्तू धरत नाहीत. ग्रीनवर आणि टीच्या जागेवर झटका, इतरत्र नाही. नाग किंवा घोणस दिसली तर नियम आठवत बसू नका, मागे व्हा. धोकादायक प्राण्यांपासून सुटका फुकट आहे, आणि हुमल्यांची (चावऱ्या लाल मुंग्यांची) रांग चेंडूवरून जात असेल तर माझ्या मते त्याही त्यातच येतात. ज्यांना त्या चावल्यात ते वाद घालणार नाहीत.

एवढं करूनही कळलं नाही तर? स्ट्रोकप्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) एक सोय आहे, ती फार कमी लोक वापरतात. दोन चेंडू खेळा. पण मारण्याआधी सोबत्यांना सांगा, की दोन खेळतोय आणि नियमात बसला तर अमुक चेंडू माझा धरा. फटक्यांचं कार्ड देण्याआधी ते समितीला सांगा, मग दोन्हींचे आकडे सारखे आले असले तरी. "आपसांत मिटवू" हे तेवढं करू नका. नियम माहीत असून दोघांनी संगनमताने सोडून दिला तर दोघेही बाद. जमिनीच्या खात्यात आपसांत मिटवलेली प्रकरणं पुढच्या पिढीत परत आलेली मी खूप पाहिलीत.

फेब्रुवारीत चौथ्या होलच्या माडांवर पाडेली (नारळ पाडणारा) चढला. आम्ही खालून जात होतो. कॅडी घाईघाईने ओरडला, "हात लावूं नाकात!" कारण नारळांबरोबर वरून चेंडूही पडत होते आणि त्यातला कुठला खेळातला हे कळेना. पाडेली हसत उतरला, लुंगीच्या ओच्यातून आणखी दोन काढून म्हणाला, "नाल्ल उणे, बॉल चड!" (नारळ कमी, बॉल जास्त.) एकूण पाच निघाले. हिरव्या ठिपक्यांचा एक होता, तो डॉक्टरांनी घेतला. आणखी एकावर निळा त्रिकोण होता, मध्ये टिंब. डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला, दुर्बीण उगाचच डोळ्यांना लावून वर कावळ्यांकडे पाहिलं आणि चेंडू माझ्या हातावर ठेवला.