लेव्हनवर्थ: कैद्यांनी बांधलेला तुरुंग आणि त्याच्या दारातले गाव

कॅन्सस सिटीजवळ राहणाऱ्या भाच्याने ‘काय काय पाहायचंय, मावशी?’ असे विचारले, तेव्हा मी लेव्हनवर्थचे नाव घेतले. ब्रिटिश राजवट उलथवण्यासाठी अमेरिकेतील भारतीयांनी उभारलेल्या गदर चळवळीविषयी वाचताना या तुरुंगाचा उल्लेख वारंवार समोर आला होता आणि तो कसा आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहायचे होते. मिझुरी नदीच्या काठावरच्या या गावात पोहोचल्यावर मेट्रोपॉलिटन मार्गावरून विस्तीर्ण हिरवळीपलीकडे घुमटाची अवाढव्य दगडी इमारत दिसते. एखाद्या राज्याचे विधिमंडळ असावे, असा तिचा थाट आहे. तुरुंग आजही चालू असल्याने तो रस्त्यावरूनच पाहावा लागतो.

अमेरिकेच्या संघीय सरकारला १८९१ पर्यंत बिगर-लष्करी कैद्यांसाठी स्वतःची तुरुंगव्यवस्थाच नव्हती. हे कैदी राज्यांच्या तुरुंगांत पैसे मोजून ठेवले जात. त्या वर्षीच्या कायद्याने तीन संघीय तुरुंगांना मंजुरी मिळाली. १८२७ पासून येथे असलेल्या लष्करी तळावरचा तुरुंग आधी न्याय खात्याकडे आला, पण तो अपुरा पडला आणि १८९७ मध्ये नवे बांधकाम सुरू झाले. ते करणारे हात कैद्यांचेच होते. तळावरून त्यांना रोज सकाळी काही किलोमीटर चालवत आणत आणि संध्याकाळी तसेच परत नेत. पहिली तुकडी १९०३ मध्ये नव्या इमारतीत राहायला आली, उरलेले कैदी १९०६ पर्यंत आले. घुमट पूर्ण व्हायला मात्र १९२० चे दशक उजाडले. ज्यांनी पाया खणला, त्यांपैकी कितीजणांनी तो घुमट पाहिला असेल, हा विचार मला तेथून हलू देईना.

गाव तुरुंगाहून जुने, १८५४ चे आहे. उत्तरेला लष्करी तळ, गावाच्या कडेला हा तुरुंग आणि दक्षिणेला लॅन्सिंगला राज्याचा तुरुंग, अशी त्याची सीमा आखली गेली आहे. दुपारी जेथे आम्ही जेवलो, तेथील वयस्कर बाईंचे आजोबा आणि वडील दोघेही पहारेकरी होते. ‘आमच्याकडे भिंतीला कोणी भीत नाही, पगार तिथूनच येतो,’ असे त्या अगदी सहजपणे म्हणाल्या.

पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या मदतीने भारतात उठाव घडवण्याच्या प्रयत्नाबद्दल सॅन फ्रान्सिस्कोत चाललेल्या ‘हिंदू-जर्मन कट’ खटल्यात १९१८ मध्ये बावीस महिन्यांची शिक्षा झालेले बंगाली क्रांतिकारक तारकनाथ दास येथेच होते. ह्यूस्टनच्या १९१७ मधील उठावात शिक्षा झालेले कृष्णवर्णीय सैनिक, युद्धविरोधामुळे दोषी ठरलेले कामगार संघटनेचे कार्यकर्ते आणि १९२२ मध्ये येथेच मरण पावलेले मेक्सिकन क्रांतिकारक रिकार्दो फ्लोरेस मागोन हेही याच भिंतींआड होते. त्याच गदर चळवळीतले आपले तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे यांना मात्र १९१५ मध्येच लाहोरला फाशी झाली होती. इतक्या दूरच्या दगडी भिंतीशी आपले नाते असे जोडलेले आहे.

निघताना मी त्या बाईंना दासांविषयी सांगितले. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिले, ऑर्डर टिपायच्या वहीत अक्षर अक्षर विचारून लिहून घेतले आणि ‘वडिलांनी याच्याबद्दल कधी सांगितलं नाही,’ एवढेच म्हणाल्या.