खंबाटकीच्या चढावर तेल तापलं तेव्हा

ऑटोमॅटिक गाडी ट्रॅकवर गुळगुळीत चालवून दाखवणं फार अवघड नसतं. तिचा कस लागतो तो संध्याकाळी सहाच्या पुण्यातल्या कर्वे रस्त्यावर, नाहीतर मे महिन्यात माणसं-सामान भरून घाट चढताना. मी गिअरबॉक्सचं कॅलिब्रेशन करते. किती वेगाला कुठला गिअर पडायचा, टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच कधी बसायचा आणि कधी सुटायचा, हे सगळं तक्त्यांत भरायचं माझं काम.

कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडचं चाक तेल फेकतं आणि त्या तेलाच्या जोरावर गिअरबॉक्सकडचं चाक फिरतं. मधला स्टेटर परतणारं तेल योग्य दिशेला वळवतो, म्हणून गाडी जागेवरून उचलताना टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास दुप्पट मिळतो. हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी! पण दोन चाकांमध्ये घसर राहते. त्यात डिझेल जळतं आणि तेल तापतं. लॉक-अप क्लच दोन्ही चाकं एकत्र जखडून ती घसर बंद करतो. मग तो शक्य तितक्या लवकर का बसवू नये? कारण तो बसला की इंजिनाचे ठोके थेट पुढे जातात. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन १,२०० आरपीएमला (मिनिटाला १,२०० फेरे) सेकंदाला ४० ठोके देतं आणि केबिन घुमायला लागते. म्हणून आम्ही ३०-४० आरपीएमची बारीकशी घसर मुद्दाम ठेवतो.

त्या दिवशी वाळूच्या गोण्या भरून आम्ही साताऱ्याकडे निघालो होतो. स्टिअरिंगवर आमचे ड्रायव्हर काका, शेजारी मी आणि मांडीवर लॅपटॉप. शिरवळला गिअरबॉक्सचं तेल ९६ अंशांवर होतं. खंबाटकीच्या चढाला दोन ट्रेलर रखडत चालले होते. आम्ही त्यांच्या मागे अडकलो आणि आकडा चढत चढत ११८ वर गेला. तेल इतकं तापलं की आमचा तक्ता लॉक-अप लवकर बसवायला सांगतो, म्हणजे आणखी उष्णता नको. तसा तो बसला आणि गाडी थरथरायला लागली.

"मॅडम, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटतंय. रस्ता तर चांगलाय," काका म्हणाले. "आणि हे इंजिनाचं नाही. खालून येतंय."

घाट उतरून सुरूरच्या अलीकडे मागचा रस्ता मोकळा मिळाला. मी म्हटलं, "काका, रेस आहे तशीच धरा आणि डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करा, मागचा दिवा लागण्यापुरता." ब्रेकचा स्विच मिळताच लॉक-अप सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली. पाय उचलला, क्लच बसला, पुन्हा सुरू. इंजिन मिसफायर करत, म्हणजे मधूनच ठोका चुकवत असतं तर ब्रेकला पाय लावून काही फरक पडला नसता. स्क्रीनवर घसरीचं लक्ष्य ४० आरपीएम होतं आणि प्रत्यक्ष रेघ शून्य ते शंभर अशी करवतीसारखी नाचत होती.

घसर कमी होत जाते तसं घर्षणही थोडं कमी व्हावं, तर क्लच शांतपणे बसतो. त्या तापमानाला नेमकं उलट होत होतं. क्लच धरायचा, सुटायचा, परत धरायचा. ऑफिसमधून फोनवर सल्ला आला, "तेल बदला, जाईल." नव्या तेलानं गेलंही असतं. पण महाबळेश्वरला निघालेलं कुटुंब दर उन्हाळ्यात तेल बदलून घाट चढणार आहे का? मला हा सल्ला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

साताऱ्याला जेवणाच्या टेबलावरच तक्ता बदलला. तेल ११० च्या वर गेलं की बारीक घसर अजिबात नको. क्लच एकतर पूर्ण मोकळा, नाहीतर पूर्ण बसलेला. बसवायचा तोही १,७०० आरपीएमच्या वर, आणि त्यासाठी चौथा गिअर पडायची घाई न करता तिसरा धरून ठेवायचा. वरच्या आरपीएमला ठोके टोचत नाहीत. तेलाचा पंपही इंजिनाच्याच वेगानं फिरतो, त्यामुळे कूलरमधून तेल जास्त वाहतं.

परतीची बाजू बोगद्यातून जाते. चढ पुन्हा हवा म्हणून बोगदा ओलांडून घाटाखालच्या, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यापर्यंत गेलो आणि वळून परत घाटाला लागलो. या वेळी पुढे उसाचा रिकामा ट्रॅक्टर होता, म्हणजे वेग आणखी कमी. तेल १११ वर जाऊन टेकलं, तिसऱ्यात क्लच बसला, काकांनी आरशाकडे पाहिलं आणि विचारलं, "बसला का?" त्यांना कळलंच नव्हतं.

घाटाचा तक्ता लगेच मंजूर झाला. शहरातल्या तक्त्यावरून मात्र मायलेज बघणाऱ्या सहकाऱ्याशी जुंपली. त्याला तिसऱ्यात १,२०० लाच लॉक-अप हवा होता, मला १,४५० च्या खाली नको होता. मायलेज मोजायच्या ठरावीक चाचणीत त्याचा आकडा सरस होता, हे खरंच. शेवटी त्याला संध्याकाळी मागच्या सीटवर बसवून डेक्कनहून कोथरूडला नेलं, त्याचाच तक्ता घालून. नळ स्टॉपपर्यंत गाडी रांगत, थांबत, घुमत गेली. कर्वे पुतळ्यापाशी तो म्हणाला, "१,४०० कर आणि अहवाल पाठव."