तुम्ही विचारलंत म्हणून: लाट वर, मग तळ का हलतो?

समुद्रतळाबद्दल दोन प्रश्न नेहमी येतात: "लाट वरच्या वर जाते, तळाच्या मातीचं काय बिघडतं?" आणि त्याच्या मागोमाग, "पाइप तळात पुरलाय ना, मग काळजी कसली?"

20 मीटर पाण्यात 6 मीटर उंचीची, 10 सेकंदांची, म्हणजे दर 10 सेकंदांनी एक माथा आणणारी लाट घ्या. माथ्याखाली तळावरचा दाब सुमारे 19 किलोपास्कलनी वाढतो, खळग्याखाली तेवढाच उतरतो. पाण्यातल्या दोन मीटर रेतीचं वजन साधारण एवढंच भरतं.

उंची सगळे विचारतात, आवर्तनकाळ, म्हणजे दोन माथ्यांमधला वेळ, कुणीच नाही. 10 सेकंदांची लाट खोल पाण्यात 156 मीटर लांब. तिचा जोर निम्म्या लांबीइतक्या खोलीपर्यंत, म्हणजे 78 मीटरपर्यंत. मग 100 मीटरवर तळ निर्धास्त? मीही असंच म्हणत असे, आणि 10 सेकंदांपुरतं ते खरंच आहे. पण 14 सेकंदांची लाट 306 मीटर लांब असते, तिचा जोर 153 मीटरपर्यंत. ऑगस्ट 1969 मध्ये कमिल चक्रीवादळ आलं तेव्हा अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखापुढे जवळपास 100 मीटर पाण्यात तेलाचा प्लॅटफॉर्म उभा होता. खाली नदीने भराभर आणून टाकलेला, वायूचे बुडबुडे धरलेला लिबलिबीत चिखल. उतार एक अंशाहूनही कमी. माथ्याखाली दबत, खळग्याखाली उचलत तो चिखल सुटला आणि उताराने निघाला. प्लॅटफॉर्म आडवा झाला. 2004 मध्ये आयव्हन वादळात त्याच मुखाशी पुन्हा एक. सपाट तळ घसरत नाही म्हणे!

आता पुरलेला पाइप. आजूबाजूची रेती कित्येक वादळांनी ठोकून घट्ट केलेली असते. पाइपसाठी खणलेल्या चरातली भर नवी, सैल. तीन तासांत 1080 लाटा. दर लाटेला कण जवळ सरकू बघतात, बारीक गाळातलं पाणी तितक्या लवकर निसटत नाही, दाब साठतो. तो वरच्या मातीच्या वजनाइतका झाला की भरीचा दाट रेंदा होतो, पाण्याच्या 1.8 ते 1.9 पट जड. पाइप 1.3 पट असेल तर पाण्यात बुडतो, रेंद्यात तरंगतो. म्हणून भर खडीची हवी, तिच्यातून पाणी लगेच निसटतं.

"मग खडी टाकली की झालं?" साठणाऱ्या दाबापुरतं, हो. पण आसपासच्या रेतीत एक टक्का जरी वायू असला, तरी 20 मीटरवर तिच्यातलं पाणी सुमारे सत्तर पटीने दबणारं होतं. दाबातली घट आत उशिरा पोचते आणि खळग्याखाली वरचा थर क्षणभर उचलला जातो. हा एक टक्का मोजायचा कसा? नमुना वर आणेपर्यंत बुडबुडा तिप्पट फुगलेला असतो. त्यामुळे माझ्याकडून एक आकडा मिळणार नाही. इथपासून तिथपर्यंत असा पल्ला मिळेल, आणि तोही रुंद.